शेऱ्याचा रकाना

जमिनीपासून एक मीटर सदतीस सेंटिमीटर:
याला छातीची उंची म्हणायचं.
कुणाची छाती, ते प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.
माझ्या गळ्याशी येते ती,
तिर्लोटकरच्या खिशाशी, जिथे त्याचं पेन
आणि तंबाखूची पुडी.
तिथे टेप गुंडाळायची, आकडा ओरडायचा,
खडूची रेघ मारून पुढच्या झाडाकडे.

वनाची व्याख्या पान अकरावर.
एक हेक्टर तरी हवं,
आणि मान वर केली तर आभाळाचा
दहावा हिस्सा तरी झाकलेला.
कुणी लावलं, कुणी राखलं, कशाला,
हे विचारायचं नाही.

म्हणून मंगळवारी परुळेकरांची काजूची बाग
मध्यम घन वनात गेली.
परुळेकर घाबरले.
"मॅडम, वन नका हो लिहू,
उद्या फांदी छाटायला परवानगी काढावी लागायची."
फक्त मोजणीपुरतं आहे, म्हटलं.
त्यांनी पानात बांधून ओले काजूगर दिले
आणि फाटकापर्यंत तेच तेच बोलत आले.

सड्यावर बिंदू पडला तो जांभ्याच्या कातळावर.
करवंदी, तोरणी, आणि खाऱ्या वाऱ्याने
एका अंगाला लवलेली अंजनी:
वय माझ्या आजोबांचं, उंची माझ्या कमरेची.
झुडपी, मी लिहिलं. वनेतर.
बायजा झोरे काठीवर हनुवटी टेकून बघत होती.
"काय लिवलंस?"
सांगितलं.
"मग माझी शेरडं इतकी वरसं काय खात होती?"

उपग्रहाच्या चित्रात हिरवं लाल दिसतं.
जितकं दाट तितकं लाल.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं,
राजापूरपासून खाली सगळा किनारा पेटलाय.
खाडीच्या तोंडाशी सगळ्यात गडद ते कांदळवन;
तिथे भरतीची वेळ चुकली आमची.
तिर्लोटकर मांडीपर्यंत चिखलात, टेप दातात,
तरी बोटांनी खुणा करत राहिला,
चिपी सात, तिवर अकरा.
श्वासमुळं मोजत नाहीत.

आणि सुरंगवाडीची राई
शून्य पूर्णांक त्र्याऐंशी.
कडेकडेने दोनदा चाललो. तिसऱ्यांदा
बाबल घाडी पुढे, मी मागे.
त्र्याऐंशीच.
सतरा गुंठे कमी पडले वन व्हायला.

आत भरदुपारी दिवेलागण.
सातवीण, उंडी, मांडीएवढी गारंबी
या झाडावरून त्या झाडावर गेलेली,
मुळं कुठली ते तिलाच ठाऊक.
हातातल्या आरशावर चोवीस चौकोन असतात,
त्यात दिसेल ते आभाळ मोजायचं.
आभाळ आलं एका चौकोनात,
तेही वारा हलला म्हणून.

"मोजा," घाडी म्हणाला, "पण खिळो मारूचो नाय."
पत्र्याचा बिल्ला मग सुतळीने बांधला.
बेहड्याला टेप पुरेना.
पाच मीटरला संपली, खोड संपलं नाही.
घाडीने खांद्यावरचा पंचा काढून
टेपेच्या टोकाला गाठ मारली
आणि झाडाला वळसा घालून पलीकडून हाक दिली.
पंचा नंतर जमिनीवर पसरून मोजला.
"किती झालो?"
सहा वीस.
"वाढता हा अजून."

रात्री शाळेच्या ओट्यावर तक्ता भरला.
राईला जागा मिळाली वनाबाहेरच्या झाडांत,
एसटी थांब्यावरच्या गुलमोहराखाली,
शाळेच्या अशोकांच्या वर.
एवढी झाडं, एवढा घेर, प्रकार: इतर.

शेऱ्याच्या रकान्यात चाळीस अक्षरं मावतात.
मी लिहिलं, चपला बाहेर काढून मोजलं.
अठ्ठावीस उरली.
तिर्लोटकरने वाकून वाचलं.
पुडी खिशातून काढली,
हातात धरून बसला थोडा वेळ,
परत ठेवली.